काकांचा दुसरा रकाना

फळीवाले काका आमच्या संस्थेत तंत्रज्ञ होते. हुद्दा साधाच, पण तीस वर्षं दर मोसमात बर्फाच्या पठारावर जायचे ते तेच. मी उबदार खोलीत बसून त्यांनी आणलेल्या आकड्यांवर शहाणपणा करायची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला उगाच चांगलं समजू नका.

काकांचं काम म्हटलं तर पोरखेळ. दोन हात लांबीची काळी फळी बर्फात उभी खुपसायची, फोटो काढायचा, आणि काळ्यावर बर्फाची पांढरी कड किती वरखाली जाते ते मोजायचं. फळीच्या कोपऱ्याला ते काकूंच्या विणकामातला तांबड्या लोकरीचा धागा बांधायचे.

"हा काय नट्टापट्टा, काका?" मी एकदा विचारलं.

"असू द्या मॅडम, कामाला येतो."

मी हसले. कशाला येतो, हे विचारायचं काही सुचलं नाही.

आता माझं काम ऐका. बर्फ स्वतःहून अगदी मंद मायक्रोवेव्ह लहरी सोडतो, उपग्रह त्या वरून टिपतो. संकेत वाढला, तर बर्फ ओला झाला असेल, वितळत असेल. पण पृष्ठभाग खडबडीत असला तरीही तो वाढतो. म्हणून आधी खडबडीतपणा किती, ते कळायला हवं. काकांच्या वहीत प्रत्येक जागेपुढे दोन रकाने होते, वर नुसतं १ आणि २. एकाच जागेचे दोन आकडे, आणि दुसरा पहिल्याच्या तिप्पट! मला वाटलं, थंडीने बोटं आखडली असतील, दुसऱ्यांदा फळी कशीतरी खुपसली असेल. काका दोन खोल्या सोडून बसायचे. उठून विचारायला मिनिट लागलं नसतं. मी दुसरा रकाना सरळ खोडला आणि सपाट बर्फ धरून गणित केलं. उत्तर आलं, पठार वितळतंय. माझी केवढी वाहवा झाली!

वहीतला तो खोडलेला रकाना साहेबांनी पाहिला, कारण विचारलं. मी अहवालात एक ओळ घातली: "मोजणाऱ्याच्या हलगर्जीमुळे काही नोंदी वगळल्या आहेत." खाली माझी सही.

त्या एका ओळीने काकांची शेवटची खेप गेली. निवृत्तीला वर्ष उरलं होतं, सामान बांधून तयार होतं, आणि साहेबांनी दुसऱ्याला पाठवलं. काका माझ्या टेबलाशी आले. टोपी हातात.

"मॅडम, फोटो एकदा बघता का?"

"वेळ नाही हो काका."

तीस वर्षं बर्फात काढलेल्या माणसाला मी असं म्हणाले. आजही आठवलं की कान तापतात.

वर्षभराने त्याच जागी पुरलेले तापमापक हाती आले. बर्फ कधी वितळलाच नव्हता. मग मात्र झक मारत फोटो उघडले. पहिल्या फोटोत तांबडा धागा फळीला चिकटून आडवा उडत होता. दुसऱ्यात तो फळी सोडून थेट कॅमेऱ्याकडे आला होता. धागा वारा दाखवत होता! काकांनी फळी एकदा वाऱ्याच्या दिशेने लावली होती, एकदा वाऱ्याला आडवी. वाऱ्याने तिथे शेतातल्यासारखे वरंबे पडतात. त्यांच्या लांबीने पाहिलं तर सपाट, आडवं पाहिलं तर उंचसखल. दोन्ही आकडे बरोबर होते. मला मेलीला तेवढीही अक्कल नव्हती.

दोन्ही रकाने घेऊन गणित पुन्हा केलं, नवा निबंध लिहिला, त्यात काकांचं नाव माझ्या नावाच्या जोडीला घातलं आणि तो घेऊन मोठ्या ऐटीत त्यांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर. दाराशी अजून त्या खेपेसाठी बांधलेली पेटी होती, वर वर्तमानपत्रांची चळत.

काकांनी चष्मा लावून निबंध शब्दन्‌शब्द वाचला. "चांगलं झालंय, मॅडम," म्हणाले. मला हायसं वाटलं.

काकूंनी विणणं थांबवून कागद मागितला. एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी मोठ्याने वाचलं, "'पूर्वीच्या विश्लेषणात त्रुटी राहून गेली होती.'" मग माझ्याकडे पाहिलं. "कोणाची, ते लिहायचं राहिलं वाटतं."

"अगं, जाऊ दे," काका म्हणाले.

"का जाऊ दे? हलगर्जी कोणाची, ते बरं लिहिता आलं होतं."

काकांनी मान खाली घातली. लाज मला वाटायला हवी होती, आणि ते पेटीकडे बघत बसले होते. मी काकूंकडून कागद घेतला, पर्समधून पेन काढलं. 'त्रुटी' शब्दाआधी 'माझी' लिहिलं. दोनच अक्षरं, पण घाईत मांडीवरचा कागद सरकला आणि ती वाचता येईनात.

काकांनी कागद हलू नये म्हणून त्याची कड बोटांनी दाबून धरली. "सावकाश, मॅडम," म्हणाले. "पुन्हा लिहा."