पहिली रांग

वकिलातीत मेजवानी असली की खुर्च्या मांडायचं काम साहेबांकडेच. कोणाच्या उजव्या हाताला कोण, कोणत्या दोन देशांत विस्तव जात नाही, मागे बसवलं की कोण नाक मुरडतं, हे त्यांना तोंडपाठ. त्यांच्या टेबलावरून कधी कोणी रुसून उठलं नाही, याचा त्यांना कोण अभिमान!

बाकी संसार म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड. बायको लवकर गेली, तेव्हा लहानग्या मुलीला त्यांनी थोरल्या बहिणीच्या हवाली केलं. "एवढी एक नेमणूक होऊ दे गं ताई, मग घेऊन जातो." ती नेमणूक मारुतीच्या शेपटासारखी वाढत गेली. पोरीच्या कांजिण्या, गणिताची रडारड, सगळं आत्यानं निस्तरलं. तिचं स्वतःचं लग्न तेवढं राहून गेलं. साहेब सुट्टीत चॉकलेटं घेऊन उगवायचे आणि मुलीच्या चपलेचा नंबर चुकवायचे.

मुलीच्या लग्नाला ते आदल्या दिवशी पोचले. आपल्या हातून काहीतरी व्हावं, असं त्यांना फार वाटत होतं. पण जित्याची खोड! हॉल पाहिला मात्र, बाह्या सरसावून त्यांनी खुर्च्यांचा ताबा घेतला. पहिल्या रांगेत खात्याचे सचिव, दोन राजदूत, त्यांच्या बायका आणि कडेला स्वतः. ताई गेली चौथ्या रांगेत, खांबाआड. परक्यांचा मान राखावा लागतो, घरचं माणूस समजून घेतं, असा त्यांचा सरळ हिशेब. ताईनं घेतलंही. "दिसतंय रे मला इथून."

दुसऱ्या दिवशी मंचावर, नोंदणी लग्नाच्या सहीसाठी पेन उचललेली मुलगी थांबली. "आत्या कुठंय?"

साहेब लगबगीनं पुढे गेले. "मागे आहे, बाळा. आपलीच ती. पाहुण्यांना पुढे बसवायचं असतं."

मुलगी चिडली असती तरी चाललं असतं. ती शांतपणे म्हणाली, "बरोबर आहे, बाबा. तुम्हीही बसा पुढे."

मग ती स्वतः खाली उतरली, आत्याचा हात धरून तिला वर घेऊन आली आणि शेजारी बसवूनच तिनं सही केली.

साहेब आपल्या खुर्चीत जाऊन बसले. मागून मुलाकडचे एक आजोबा वाकले. "मुलीची आई ना त्या? आणि आपण कोणाकडचे?"

भल्याभल्या मंत्र्यांना शब्दांत गुंडाळणाऱ्या साहेबांनी आधी कोटाचं बटण लावलं.

"मुलीकडचा," मग ते म्हणाले, आणि आजोबांनी पुढचं काही विचारू नये म्हणून जोरजोरात टाळ्या वाजवू लागले.