व्याह्यांचं ऊन

अहो, असे लांब काय बसलात? या इकडे, पुढे सरका. इतक्या दिवसांनी तोंड दाखवायचं आणि आल्या आल्या घड्याळ बघायचं, शोभतं का हे तुम्हाला? चहा होईपर्यंत तरी ऐका, कारण हे कुणाला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. साऱ्या पुण्यात, झाडाला पाणी घातलं म्हणून माणसाशी अबोला धरणारा एकच गृहस्थ आहे, आणि तो नेमका माझ्या लेकीचा सासरा आहे. दुसऱ्या कुणाचा सासरा असता तर मी पोटभर हसले असते. पण लेक दिल्यावर ती सोय राहत नाही. तोंडाने ‘अहो व्याही’ म्हणायचं आणि आतल्या आत चडफडायचं. त्यात त्यांचा बंगला पाडायला घेतल्यापासून ते एकीकडे आणि त्यांची झाडं दुसरीकडे, अशी ताटातूट झालीय. इतकी वर्षं मी त्या झाडांना नावं ठेवली, आणि आता तीच ताटातूट मला बघवत नाही, म्हणून हे सगळं पुराण.

त्यांना नाद आहे जाड, मांसल पानांच्या झाडांचा. सक्युलंट म्हणतात. मी पहिल्यांदा ‘निवडुंग’ म्हणाले तर म्हणतात कसे, “विहीणबाई, निवडुंग हे यातलं एक घराणं झालं. तुम्ही सगळ्या पुण्याला जोशी म्हणता का?” लेकीला बघायला आले होते तेव्हाचीच गोष्ट घ्या. मुलगा-मुलगी दोघं हिंजवडीला एकाच कंपनीत, त्यांनी आपसात केव्हाच ठरवलेलं; आपलं रीत म्हणून बघणं. पोरगी पोहे घेऊन बाहेर आली आणि हे गृहस्थ खिडकीतल्या माझ्या कोरफडीच्या कुंडीत बोट खुपसून उभे! मातीचं बोट पुसलं, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “हिला बुडवून मारताय तुम्ही.” माझे यजमान बिचारे घाबरून मला आत येऊन विचारतात, “अगं, हे मुलीबद्दल म्हणाले का?”

व्याह्यांची टेलिफोन खात्यात नोकरी झालेली. तेव्हा लोक फोनसाठी वर्षानुवर्षं वाट बघायचे, ते यांनी जवळून पाहिलेलं. त्यामुळे एखाद्या बीतून हरभऱ्याएवढं काही वर यायला वर्ष लागलं तरी यांना घाई म्हणून नाही. सहकारनगरच्या त्या बंगल्याच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पावसाची सर आली की घरातले कपडे भिजोत, हे छत्र्या घेऊन कुंड्यांवर धरायला पळणार. लोकांची मुलं परदेशातून येताना अत्तर आणतात, चॉकलेटं आणतात. आमच्या जावयाला यांनी जर्मनीहून खास खडी आणायला लावली. विमानतळावरच्या साहेबाने पिशवी उघडून विचारलं म्हणे, “आपल्याकडे दगड संपले काय?” माझे यजमान हयात असते तर म्हणाले असते, अजून नाही संपले, एक घरी आहे.

आणि दगडावरून आठवलं. त्यांच्याकडे एक झाड आहे ते हुबेहूब दगडासारखं दिसतं. नदीतल्या गोट्यासारखं, मध्ये एक चीर, वर करडी-तपकिरी नक्षी. त्यांच्या घरी गौरी खड्यांच्या. पाणवठ्यावर जायचं, तोंडात पाण्याची चूळ धरायची, पाच खडे उचलायचे आणि घरी येऊन पाटावर मांडेपर्यंत अवाक्षर बोलायचं नाही. लेकीचं सासरचं पहिलंच वर्ष. व्याह्यांची थोरली बहीण, अक्का, कोकणातून मुद्दाम आलेली. आता सहकारनगरात पाणवठा कुठला आणायचा? अक्का म्हणाल्या, “गच्चीवरचा नळ आहे ना, तोच पाणवठा.” पोरीने ऑफिसातून अर्धा दिवस रजा काढलेली, नऊवारी कशीबशी नेसलेली. नळाशी चूळ भरली, वाकून बघते तर शेजारच्या कुंडीत हे सुरेख पाच खडे. घेतले हळूच उपटून, ठेवले ताम्हनात आणि निघाली.

जिन्यात सासरे समोर. ताम्हनात बघितलं आणि ओरडले, “अहो सूनबाई, हे कुठून घेतलंत?” पोरीचे गाल पाण्याने फुगलेले, डोळे विस्फारलेले. खालून अक्का गरजल्या, “बोलू नकोस गं! चूळ सांभाळ!” “अक्का, अगं ती झाडं आहेत!” “तूही गप्प बस. गौरी येतायत.” मग काय, पुढे माझी मुकी पोर, मागे हात जोडून सासरे, अशी वरात पाटापर्यंत आली. मी हळदीकुंकवाचं तबक घेऊन दारात. पहिल्याच सणाला लेकीने सासऱ्याच्या काळजात हात घातला होता. आता हा माणूस काय बोलतो म्हणून मी बघतेय, तर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “विहीणबाई, हळद वाहा हवी तेवढी, बुरशीवर चांगली असते. पाणी मात्र शिंपडू नका.”

जन्मात कधी देवापुढे न बसलेला हा माणूस गौरी जाईपर्यंत पाटासमोरून हलला नाही. आलेल्या बायका म्हणाल्या, काय भक्ती आहे! विसर्जनाच्या दिवशी ते अक्कांना म्हणाले, “पाण्यात गेल्या तर जगायच्या नाहीत गं.” अक्का म्हणाल्या, “गौरी आहेत त्या. जगायचा प्रश्न येतो कुठे?” पण भावाचं तोंड बघून बहीणच विरघळली. थोड्या वेळाने म्हणाली, “पाणवठ्यावरून आल्या, पाणवठ्यावर पोचव म्हणजे झालं.” यांनी पाची जणी परत त्याच कुंडीत लावल्या. तीन जगल्या. सुनेला एक शब्द बोलले नाहीत. उलट मला म्हणाले, “तुमच्या मुलीला नजर आहे. दुर्मीळ तेवढ्याच नेमक्या उचलल्या.”

आणि मग गेल्या वर्षी बंगला बिल्डरकडे गेला. मुलाने हिंजवडीला अकराव्या मजल्यावर घर घेतलं, छान आहे, पण समोर ऑफिसची काचेची भिंत. ऊन म्हणून नाही, काचेवर आपटून आलेला नुसता उजेड. व्याह्यांनी एक दुपारभर त्या गॅलरीत उभं राहून बघितलं आणि झाडांना स्थळं शोधायला सुरुवात केली. हो, स्थळंच! कुणाच्याही घरी जायचे आणि विचारायचे, ऊन कुठून येतं, सकाळी उठून तांब्या घेऊन फिरायची सवय कुणाला आहे? एक स्थळ मोडलं, कारण तिथले आजोबा उरलेला चहा कुंडीत ओततात. एक बाई मला फार पसंत होत्या, तर म्हणाले, “फार प्रेमळ आहेत हो. आठवड्यात मारतील.”

“मग मी काय वाईट आहे?” मी शेवटी विचारलंच. “वाईट नाही. आग्रह फार करता.” पण माझ्या गॅलरीइतकं ऊन दुसरीकडे कुठे सापडेना. तेव्हा यांनी काय करावं? माझी परीक्षा घेतली! नुसती खडी भरलेली रिकामी कुंडी आणून ठेवली. महिनाभर पाणी घालायचं नाही. या वयात मी सकाळ-संध्याकाळ खडीसमोर हात बांधून उभी! महिन्याने आले, बोट खुपसलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या तिघी गौरी माझ्या स्वाधीन केल्या. स्वतःसाठी एकही कुंडी ठेवली नाही. मी म्हटलं, एखादी न्या की सोबतीला. म्हणाले, “माझ्या सोबतीसाठी तिला अंधारात ठेवू?”

आधी ते बसने स्वारगेटला उतरून, दिलेल्या झाडांची घरोघर विचारपूस करत फिरायचे. आता गुडघ्याने बसची पायरी चढवत नाही. लेक-जावई सकाळी जातात ते दिवे लागल्यावर येतात, आणि रविवार आला की कंपनीचं काहीतरी निघतंच. रिक्षाने या म्हटलं तर म्हणतात, झाडं बघायला रिक्षा करू का? परवा मी फोन केला. म्हटलं, व्याही, मधल्या गौरीच्या चिरेतून कळी डोकावतेय, पिवळी दिसतेय. म्हणाले, “तिला पहिल्यांदाच येतंय.” आणि मग, “बरं.” एरवी पाणी घातलंत का म्हणून उलटतपासणी घेणारा माणूस, नुसतं “बरं” म्हणाला. मला ते ऐकवलं नाही हो.

तर आता ऐका. तुम्ही हिंजवडीच्याच बाजूला राहता, गाडी आहे, रात्रपाळी असली की दुपारी मोकळे असता. त्यांना घेऊन या. मुद्दाम न्यायला आलोय म्हणू नका, यायचे नाहीत. विहिणीकडे जातोच आहे, सोबत चला, एवढंच म्हणा. ते फूल दुपारच्या उन्हात उघडतं, उन्हं कलली की मिटतं, आणि चार-सहा दिवसांत आटोपतं. जेवायचा आग्रह करणार नाही, शब्द देते. तुम्ही फक्त या. उद्या-परवा करू नका, लवकर या.