मूळ दाखवा

१२ जुलै. काम : मूळकाका क्वार्टर सोडून जायच्या आत गल्लीचा फुटपाथ साफ करणं. एकही तण मागे ठेवून जायचं नाही, हा हट्ट त्यांचा. कंबर मात्र माझीही.

शेजारचे मूळकाका स्टील प्लांटमधून नुकतेच रिटायर झाले होते. हातात भट्टीसमोरचे जाड हातमोजे, सळईचं टोक ठोकून केलेलं खुरपं, स्कूटरच्या हुकाला पोतं. सकाळी फिरणाऱ्यांपैकी कुणी गाजरगवत उपटून मोठ्या ऐटीत दाखवलं, की काका म्हणायचे, "पानं नको. मूळ दाखवा." नाव त्यावरूनच पडलं.

त्यांच्या मुलीच्या लग्नात वरात दारी आली आणि फेटा बांधलेल्या काकांना मांडवाच्या खांबाशी गाजरगवत दिसलं. ते वाकले. व्याह्यांना वाटलं, आपल्या पाया पडताहेत. तेही घाईनं वाकले. डोक्यावर डोकं आपटलं. काकांनी कपाळ चोळत मूळ वर धरलं, "पुरं निंगालं!"

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. माझ्या फाटकापाशी भेगेत तरोटा उगवायचा आणि मी कोवळे शेंडे खुडून त्याची भाजी करायची.

"वहिनी, हे तर तणाले कटिंग देणं झालं. अजून दाट येते ना!"

"येऊ द्या. मले भाजी पायजे."

त्या बारा जुलैला आम्ही सगळा फुटपाथ साफ केला. उरला फक्त तरोटा. काका त्याच्याकडे पाहायचे, माझ्याकडे पाहायचे आणि पुढे सरकायचे. मीही हटले नाही.

दुपारी क्वार्टर ताब्यात घ्यायच्या आधी नळ अन् स्विच तपासायला प्लांटचा बाबू यादी घेऊन आला. काकांनी त्याला आधी फुटपाथवर नेलं.

"लिखो, घास निल."

"चाचा, इसका कॉलम नहीं है."

"तो बनाओ!"

बाबूनं माझ्या फाटकाकडे बोट केलं. "और वो?"

आता मात्र मीच उपटायला वाकले. तेवढ्यात काका बोलले, "वो घास नहीं है. वो वहिनी की सब्जी है."

संध्याकाळी टेम्पो गेला. जायचं तर होतं शेजारच्याच दुर्गच्या मोहन नगरात, पण काका असे हात हलवत होते, जसे काही विलायतेला निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी शेंडे खुडले. मग भाजी परतायच्या सराट्यानं भेग उकरली आणि तरोटा ओढला. पुरा निघाला. भाजी केली, डबा भरला, स्कूटर काढली. मोहन नगरात काकांनी दार उघडलं, तेव्हा डबा मागे धरून आधी मूळ दाखवलं.