ऑ सेबलवर माशा मारताना

ज्याला मासा मिळतो त्याच्याकडे सांगायला एकच गोष्ट असते, मासा मिळाला. ज्याला मिळत नाही त्याच्याकडे दर वीकेंडला नवी. आमच्या ग्रुपकडे आता इतक्या साठल्यात की मिशिगनच्या नोव्हायमधल्या पॉटलकना आम्हाला बोलावतात ते माझ्या भरल्या वांग्यांसाठी नसतं, हे मला कळून चुकलंय.

ग्रुप म्हणजे आम्ही चौघं. विनायककाका, गाड्यांच्या कंपनीतून रिटायर झालेले. प्रसाद, ब्रेक इंजिनियर. मुग्धा, नागपूरची, इथे किड्यांवर पीएचडी करते. आणि मी अनघा, कारण व्हॅन माझी आहे. उन्हाळ्यात आम्ही ड्राइव्ह करून वर ऑ सेबल नदीवर ट्राउट पकडायला जातो. गळाला गांडूळ लावायचं नाही, ही यातली सोवळ्याची बाजू. बारीकशा हुकावर दोरा आणि पिसं गुंडाळून माशीसारखं काहीतरी करायचं, ते पाण्यावर अलगद टाकायचं आणि ट्राउटने ते खरं मानायचं. ट्राउट बहुतेक वेळा मानत नाही. घरचे या सगळ्याला माशा मारणं म्हणतात, आणि त्यात चूक काढायला जागा नाही.

*

पहिल्या सीझनला आमच्याकडे फक्त ड्राय फ्लाय होत्या, म्हणजे पाण्यावर ताठ उभ्या तरंगणाऱ्या माशा. प्रसादने रिव्ह्यू वाचून सगळ्यात महाग आणल्या होत्या. संध्याकाळी नदीवर खऱ्या माशांचे ढग, चहूकडे ट्राउट तोंड वर काढतायत, आणि प्रसादच्या माशीला एकही विचारेना. कुठे माशी शिंकली तेच कळेना.

शेवटी नदीकाठच्या दुकानातल्या डेलला विचारलं. तो म्हणाला, "त्यांना पूर्ण झालेली माशी नकोय. त्यांना इमर्जर हवाय."

इमर्जर म्हणजे तळातून वर आलेली, पण अजून कातडीतून पुरती न सुटलेली माशी. अर्धी पाण्यात, अर्धी बाहेर. पंख ओले, उडता येत नाही. ट्राउटला तीच सोपी पडते.

काकांनी मन लावून ऐकलं आणि प्रसादला मराठीत समजावलं. "ग्रीन कार्डच्या लायनीतला माणूस रे. खाली जाता येत नाही, वर उडता येत नाही, आणि सगळे टपलेले."

प्रसादने मुकाट्याने दोन डझन घेतल्या.

*

मुग्धा आली तेव्हा आम्हाला वाटलं, आता चिंता मिटली. नदीवर कोणता किडा आहे हे जिला बघताक्षणी कळतं ती आपल्यात असल्यावर माशी निवडायला कितीसा वेळ लागणार?

तिने पाण्यावरून जाळीत एक किडा उचलला, भिंग लावलं आणि लॅटिन नाव सांगितलं. प्रसाद माशी बांधायला लागला.

"थांब न बे," मुग्धा म्हणाली. "मादी दिसते."

प्रसादने बांधलेली सोडली, दुसरी काढली.

"नाही, नरच आहे. पण पोटाचा रंग जरासा वेगळा आहे. हे इंटरेस्टिंग आहे यार." तिने किडा बाटलीत घातला, बाटलीवर लेबल लावलं, चारी बाजूंनी फोटो काढले. मग मान वर करून आनंदाने म्हणाली, "आता टाक. एकदम करेक्ट कळलं."

नदी शांत होती. माशा संपल्या होत्या, ट्राउट जेवून गेले होते.

"पण आयडेंटिफिकेशन परफेक्ट झालं," मुग्धा म्हणाली. तिचं त्या किड्यावर पुढे पोस्टर आलं, कॉन्फरन्समध्ये बक्षीसही मिळालं. प्रसादला अजून कोणी पोस्टरवर घेतलेलं नाही.

*

ड्राय फ्लाय बुडू नये म्हणून तिला एक खास तेलकट जेल लावतात. काका एकदा ते घरी विसरले आणि व्हॅनमधली काकूंची खोबरेलाची बाटली घेऊन पाण्यात उतरले. आता मिशिगनमध्ये खोबरेल काय करतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. थंड पाणी लागताच त्याचा गोळा झाला, माशी एका अंगाला कलली आणि अर्धी पाण्यात लोंबकळायला लागली.

काकांना लांबचं दिसत नाही. ते ऐटीत उभे. आणि अख्ख्या दिवसातला एकमेव ट्राउट त्या माशीला लागला.

प्रसादने अर्थातच टेस्टिंग केलं. पुढच्या ट्रिपला त्याने पेटीतल्या सगळ्या माशांना खोबरेल चोपडलं. त्या दिवशी उकाड्याची लाट होती. तेल पातळ होऊन पेटीभर पसरलं आणि पिसं चिकटून सगळ्या माशांची मिळून एकच माशी झाली.

"रिपीटेबल नाहीये," प्रसाद म्हणाला. त्यानंतर व्हॅनला किती दिवस बॉर्डिंग स्कूलच्या डोक्यांचा वास येत होता ते मी सांगत नाही.

*

काका माशा घरीच बनवतात. मोरपिसाचा एकेक केस हुकाला गुंडाळला की किड्याचं अंग हुबेहूब जमतं, हे त्यांना कुठेसं कळलं. मोरपीस घरात होतंच.

गोकुळाष्टमीला सुमनकाकूंनी बाळकृष्णाचा मुकुट काढला तर त्यावर नुसती काडी.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"देवाचंच होतं, नदीत गेलं," काका म्हणाले. "विसर्जन समज."

काकूंनी आवाज चढवला नाही. "बरं. पण देवाच्या पिसावर फसवलेला मासा माझ्या घरात शिजणार नाही."

तेव्हापासून काका पकडलेला प्रत्येक ट्राउट पाण्यात हळूच सोडून देतात. एकदा काठावरच्या एका म्हाताऱ्या अमेरिकनाने ते पाहिलं आणि टोपी काढली. "सर, नदीला तुमच्यासारखी माणसं हवीत. हे कशामुळे सुरू केलंत?"

काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "माय व्हाइफ इज व्हेरी रिलिजियस."

म्हातारा गहिवरला. म्हणाला, "माझ्यासाठीही निसर्ग हाच धर्म आहे."

काकांनी हे घरी सांगितलं. काकू म्हणाल्या, "बघा, त्याला कळलं."

*

गेल्या उन्हाळ्यात प्रसादचा ले-ऑफ झाला. व्हिसामुळे मुदतीत दुसरी नोकरी लागली नाही तर बॅगा भरायच्या होत्या. घरातल्या कुंड्या कोणाला द्यायच्या हे त्याच्या बायकोने ठरवायलाही घेतलं होतं. ती नोकरी त्याला मिळाली, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं ऐकताना तुम्हाला हसू येणार नाही.

दुपारी तीनला त्याचा व्हिडिओ इंटरव्ह्यू होता. सकाळपासून घरात येरझारा घालत होता म्हणून आम्हीच त्याला ओढून नदीवर नेलं. पुलापाशी सिग्नल चांगला येतो, तिथूनच बोल म्हटलं. तो माशी बदलत होता. या माशांना नंबर असतात, नंबर जेवढा मोठा तेवढी माशी बारीक. सोळा नंबरचा इमर्जर ओठात धरून तो दोऱ्याची गाठ सोडवत होता, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. तो दचकला आणि हुक खालच्या ओठात रुतला.

मेसेज होता, पॅनेलला लवकर निघायचंय, आत्ता जॉइन होता येईल का?

"मुग्धा, काढ ना," मी म्हटलं.

मुग्धाने चिमटा हातात घेतला आणि खाली ठेवला. "मी किडे टोचते गं. काढत नाही."

प्रसाद व्हॅनच्या मागच्या दारात बसला. छातीपर्यंत रबरी पँट, वरून काकांचा ब्लेझर, मागे नदी. स्क्रीनवर तिघं. ओठ मिटत नसल्यामुळे त्याला ब्रेक म्हणता येईना. "व्रेक" म्हणत होता, सगळा वेळ. पण बोलला छान. दोघांनी भराभर प्रश्न विचारले, त्याने भराभर उत्तरं दिली. बोलताना ओठावरची पिसं हलत होती. अमेरिकन माणसं इतकी सभ्य की त्याविषयी कोणी अवाक्षर काढलं नाही. तिसरा, पांढऱ्या मिशांचा डायरेक्टर, काहीच विचारत नव्हता. नुसता बघत होता. काका व्हॅनच्या आडोशाला रामरक्षा म्हणत होते.

शेवटी त्या दोघांपैकी एकीने विचारलं, "वॉल्ट, तुला काही विचारायचंय?"

"एकच," वॉल्ट म्हणाला. तो कॅमेऱ्याच्या जवळ आला. "ओठातली ती. सोळा नंबर?"

"येस सर," प्रसाद म्हणाला. "सोळा."

वॉल्टने मान हलवली. "या आठवड्यात ट्राउट अठरा घेतायत."

कॉल संपला. प्रसाद ओठाला हातही न लावता काकांकडे वळला.

"काका, अठराची आहे?"