चंदनाताईंच्या विमानाला जागा

कोल्हापुरात भर रस्त्यात मांडव घालायला कुणी कुणाला विचारत नाही. वरातीत फटाक्यांची माळ पेटवायला विचारत नाही, आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसासाठी चौक अडवायला तर नाहीच नाही. अशा या गावात चंदना मगदूम नावाच्या बाईनं रिमोटवर उडणारं एक छोटं विमान उडवायला वर्षानुवर्षं परवानगी मागितली. हे मला माहीत आहे, कारण त्यांचे सगळे अर्ज माझ्याच टायपिंग क्लासात टाइप झाले.

चंदनाताई माझ्या शेजारच्या दुकानदार. वडील बाबासो मगदूम रुकडीहून शाहूपुरीत आले आणि त्यांनी शेतीपंपांच्या सुट्या भागांचं दुकान काढलं. ते गेल्यावर दुकान चालवायला धाकटा सम्मेद हवा होता, पण तो अमेरिकेला गेला. मग चंदनाताई गल्ल्यावर बसल्या त्या बसल्याच. लग्न केलं नाही. बोलायला फटकळ. गिऱ्हाईक उगाच घोळ घालायला लागलं की म्हणायच्या, "पावणं, पंप बिघडलाय का तुम्ही?"

शहाण्णवच्या दिवाळीत सम्मेद सुट्टीवर आला तो हे विमान घेऊन. लाकडी सांगाडा, वर लाल कागदासारखं आवरण, नाकाला छोटं इंजिन. दोन्ही हात पसरले की पंख जेमतेम मावायचे. काकांच्या रानात भाऊबंद गोळा करून त्यानं अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी असं लांबलचक भाषण केलं. मग विमान सोडलं. ते वर गेलं, वळलं आणि सरळ उसात घुसलं. "इथली हवाच भिकार आहे," असं म्हणून सम्मेद परत गेला. मोडकं विमान माळ्यावर गेलं.

चंदनाताईंनी ते खाली काढलं. दुकान बंद झाल्यावर मागच्या खोलीत बसून जोडलं. मग हिवाळाभर दर रविवारी पहाटेची एसटी धरून पुण्याला गेल्या आणि तिथल्या हौशी लोकांकडून उडवायला शिकल्या. एकदा पंख्याची पाती लागून बोट फाटलं, तरी पुढच्या रविवारी पट्टी बांधून हजर. त्यांच्या शालूबाई मावशी दुकानात येऊन म्हणाल्या, "या वयात पोरखेळ? लोक काय म्हणतील?" चंदनाताई म्हणाल्या, "लोक पंप घ्यायला येतात, तेव्हा कुठं काय म्हणतात?"

पुण्याच्या लोकांनी त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की घातली होती. खाली माणसं नकोत, जवळ विजेच्या तारा नकोत, विमानतळाच्या आसपास तर अजिबात नको, आणि जागेच्या मालकाची लेखी परवानगी पाहिजे. चंदनाताईंनी ते जसंच्या तसं मनावर घेतलं. गावाला हे कळेना. जो तो सांगायचा, "उडवा की ओ. कोण इचारतंय?" हे सांगणाऱ्यांपैकी एकानंही स्वतःचं रान मात्र दिलं नाही.

पहिला अर्ज एका शाळेच्या मैदानासाठी. मुख्याध्यापकांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, मैदान खेळासाठी आहे. हा काही खेळ नव्हे." त्या मैदानावर तेव्हा एका संचालकाच्या मुलीच्या लग्नाचा मांडव उभा होता आणि गोलपोस्टला आचाऱ्याचे टॉवेल वाळत होते.

मग चंदनाताई आणि मी पोलिसांकडे गेलो. तिथल्या साहेबांनी आधी विचारलं, "विमान कशाला? टेहळणी करायचीय?" नाही म्हटल्यावर, "मग बॉम्ब?" मग स्वतःच्याच विनोदावर ते बराच वेळ हसले, चहा मागवला, एकट्यानं प्यायला आणि शेवटी गंभीर होऊन म्हणाले, "जमिनीवरचं काय असंल तर सांगा. आभाळ आमच्या हद्दीत येत नाही."

तिथून जिल्ह्याच्या कचेरीत. त्या कचेरीनं मुंबईला विचारा म्हटलं, मुंबईनं दिल्लीला. दिल्लीहून उत्तर आलं की आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी आपल्याच जिल्ह्यात पाठवला आहे. जिल्ह्यातल्या कारकुनानं तो अर्ज आम्हालाच दाखवून विचारलं, "हे काय आलंय ओ?"

एवढ्या सगळ्या प्रवासात फक्त एका माणसाबद्दल चंदनाताई आदरानं बोलायच्या. विमानतळावर एक अधिकारी भेटले होते. तिथं तेव्हा विमान क्वचितच यायचं. पण त्या गृहस्थांनी नकाशा काढला, मोठं विमान उतरताना कुठून खाली येतं ते दाखवलं आणि म्हणाले, "इतक्या भागात उडवू नका. बाहेर उडवा, पण उंच नको." बाहेर आल्यावर चंदनाताई म्हणाल्या, "गणपतराव, नाही म्हणताना का नाही ते सांगणारा हा पहिलाच."

शहराबाहेरच्या एका गावात एका शेतकऱ्यानं कापणी झालेलं रान दिलं. दोन रविवार झाले, आणि गावच्या म्हशी आटल्याची बोंब उठली. विमानाच्या आवाजानं म्हशी बिथरल्या म्हणे. त्याच गावात दिवसभर भोंगे लावून ट्रॅक्टर फिरायचे, त्यानं म्हशींना काही होत नव्हतं. चंदनाताईंनी वाद घातला नाही. विमान दुकानाच्या व्हॅनमध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, "म्हशीचं ऐकलं असतं, पण हितं म्हशीच्या वतीनं माणसंच बोलायला लागलीत."

जागा मिळाली ती गगनबावड्याकडं, दोन हजार एक साली. एका पंपाच्या कामासाठी त्या तिकडं गेल्या होत्या, तेव्हा त्यांना एका वस्तीमागचं पठार दिसलं. नुसता कातळ आणि गवत. घर नाही, तार नाही, माणूस नाही. चौकशी केली तर रान बायडाबाई कांबळे यांच्या नावावर. पुढच्या रविवारी आम्ही दोघं त्यांच्या दारात.

बायडाबाई अंगणात भात वाळत घालत होत्या. "जयभीम. बसा," म्हणाल्या. सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत, बॉम्बचं विचारलं नाही. त्यांनी एकच विचारलं.

"इंजानातनं ठिणगी पडून गवात पेटलं तर? माझी जनावरं काय खातील?"

चंदनाताई सरसावून बसल्या. "गवत कापून झाल्यावरच येणार. पाण्याचे कॅन आणि ओलं पोतं बरोबर असणार. वारा जास्त असला की उडवणार नाही."

"आन् माझ्या बकऱ्या वर असल्या तर?"

"तर खाली थांबणार. तुम्ही बोलवलं की वर येणार."

"मग या की. रान माझं हाय. सरपंचाला इचारत बसू नगा, त्यो दुसऱ्याच्या रानाचं लई बोलतो."

तरी चंदनाताईंनी लेखी घेतलं, आणि पंचायतीला आणि पोलीस पाटलाला कळवूनही ठेवलं. गवत कापून झाल्यावर एका रविवारी दुपारी लाल विमान पहिल्यांदा कुणाची चोरी नसल्यासारखं उडालं. बायडाबाई कमरेवर हात ठेवून पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आवाज लई हाय, पर फिरतंय झ्याक."

दोन वर्षं सुखात गेली. आणि मग ते बाळासोंना कळलं.

बाळासो म्हणजे तालुक्यातलं पुढारपण. कशाचे तरी अध्यक्ष. कशाचे ते त्यांच्या जीपवर लिहिलेलं होतं, पण धुळीनं दिसायचं नाही. त्यांनी 'भव्य हवाई महोत्सव' जाहीर केला. जागा बायडाबाईंची, विमान चंदनाताईंचं, फलकावर फोटो बाळासोंचा. बायडाबाईंना कळलं ते मांडवाचे खांब रानात आल्यावर. चंदनाताई चिडल्या होत्या, पण चार पोरं-पोरी शिकतील या आशेनं त्यांनी एक अट घालून होकार दिला. लोकांच्या डोक्यावरून विमान जाणार नाही.

सकाळच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे दुपारी आले. तोवर घाटातून वारा चढला होता. भाषणं सुरू झाली. 'उत्तुंग भरारी' हे शब्द इतक्या वेळा आले की ऐकणाऱ्याला झोप यावी. मग बाळासो व्यासपीठावरूनच म्हणाले, "आता आपल्या चंदनाताई विमानातून पाहुण्यांवर पुष्पवृष्टी करतील."

"करणार नाही," चंदनाताई खालून म्हणाल्या. "वारा बघा. आणि माणसांवरनं न्यायचं नाही, हे ठरलंय."

"अहो, फुलंच हायत की. दगूड न्हाईत."

"विमान पडलं तर ते फूल नसतंय."

बाळासोंचा चेहरा उतरला. पण त्यांच्याकडे पुतण्या होता, पृथ्वीराज. त्यानं मुंबईहून महागडं विमान आणलं होतं आणि ते कसं चालतं ते शिकायचं तेवढं राहून गेलं होतं. काकांनी डोळ्यानं खुणावलं. चंदनाताई "अरे, सोडू नको!" म्हणेपर्यंत त्यानं सोडलं. वाऱ्यानं ते उचललं, उलटं केलं आणि मांडवाकडे फेकलं. फलकावरच्या बाळासोंच्या कपाळातून ते आरपार गेलं आणि खुर्च्यांच्या रांगेत येऊन पडलं. पाहुणे टेबलाखाली, त्यांचा फेटा टेबलावर, आणि खरे बाळासो जीपच्या दिशेनं. उत्तुंग भरारी म्हणतात ती एवढीच मी पाहिली. सुदैवानं कुणाला खरचटलंही नाही. चंदनाताईंनी सगळ्यात आधी ओलं पोतं त्या इंजिनावर टाकलं.

पुढच्या आठवड्यात वर्तमानपत्रात बातमी: धोकादायक खेळावर बंदी. पुतण्याचं नाव नाही. 'एका महिलेच्या हट्टापायी' असं मोघम. बायडाबाईंच्या गावच्या पंचायतीतून एक माणूस दुकानात येऊन म्हणाला, "तुमचं विमान बंद. वरनं आदेश हाय."

"कुणाचा?"

"वरनं."

"वर म्हणजे कुठं? आभाळ तर कुणाच्या हद्दीत नाही म्हणतात. लेखी आणा."

तो गेला. सरपंचाकडे लेखी नव्हतं. पोलिसांनी कचेरीकडे बोट दाखवलं, कचेरीनं पुन्हा मुंबईकडे. इतकी वर्षं ज्यांना परवानगी कुणी द्यायची ते माहीत नव्हतं, त्यांना बंदी कुणी घालायची तेही माहीत नव्हतं. बायडाबाईंनी मात्र ग्रामसभेत उभं राहून विचारलं, "माझ्या रानात न इचारता खांब कुणी रवलं? आधी ते उपटा, मग बंदीचं बोला." त्यावर सभा दुसऱ्या विषयाकडे वळली.

चंदनाताई उडवतच राहिल्या. तीन-चार वर्षांनी गडहिंग्लजची दीप्ती नावाची परिचारिका आणि तिची मैत्रीण सोनम शिकायला यायला लागल्या. चंदनाताई त्यांना फार ओरडायच्या. पहिले दोन महिने विमानाला हातच लावू दिला नाही. आधी बायडाबाईंना विचारून या, बकऱ्या कुठं आहेत बघा, वारा बघा, पाणी भरा. दोघी कुरकुरायच्या, पण यायच्या.

दोन हजार आठच्या डिसेंबरात सम्मेद पुन्हा आला, पठारावर आला, आणि बहिणीला म्हणाला, "अमेरिकेत याला केवढे नियम असतात, तुला कल्पना नाही."

चंदनाताईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दीप्तीचं विमान उतरत होतं. त्या तिला म्हणाल्या, "घाई नको. नाक वर ठेव. येऊ दे सावकाश."