गाडी खाली आहे

त्या हिवाळ्यात माझी पोस्टिंग हवाई दलाच्या मालवाहू जेटवर होती. रँक सार्जंट, काम लोडमास्टरचं, म्हणजे माल आणि माणसं चढवायची, उतरवायची. पहाटे चंदीगडहून उडायचं, लडाखात उतरायचं, जेवायच्या आत परत. बर्फाने रस्ते बंद झाले की तिकडच्या लोकांचा बाजार, बस आणि ॲम्बुलन्स, सगळं आम्हीच. जाताना कांदे, अंडी, रॉकेल. येताना म्हाताऱ्या, परीक्षेला निघालेली पोरं, रजेवरचे जवान.

थंडीचं विचारू नका. कांदा हातोडीने फोडावा लागे. चहा ओतला की धार मधेच गोठायची. ती मोडून खिशात ठेवायची आणि तलफ आली की चघळायची. आमच्या उज्जैनच्या फ्रीगंजात हे सांगितलं की मंडळी म्हणतात, "काका, थोडी तो कम करो." बरं, धार सोडा. कांदा खरा आहे. आणि इथून पुढचं सगळं खरं आहे.

माझा जोडीदार सार्जंट जगताप, साताऱ्याकडचा. माझ्या बायकोने बांधून दिलेली आमच्याकडची भैरवगढची छापील चादर हा बिनदिक्कत पांघरायचा आणि वर मलाच ऐकवायचा, "उज्जैनकर, तुमची मराठी म्हणजे पोह्यांवरची शेव. खाली पोहे आहेत का ते शोधावं लागतं." आमच्या पणजोबांचे पणजोबा दरबारी चाकरीत माळव्यात आले. एवढ्या पिढ्यांत थोडी शेव पडणारच.

एका सकाळी माल उतरवून झाला आणि आर्मीच्या डॉक्टरचा निरोप आला. दूरच्या गावातली एक बाळंतीण अडली आहे, मूल आडवं आहे, तिला मैदानी मुलखातल्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायलाच हवं. गाडी निघाली आहे.

आम्ही थांबलो. इंजिनं चालूच. त्या उंचीवर बंद केली तर पुन्हा सुरू होतील याची खात्री नसते. मागचा रॅम्प, म्हणजे माल चढवायचं उतरतं दार, उघडा. दुपारचा वारा लवकर सुटू लागला होता. एकदा तो सुटला की जेट अडकलं, आणि उद्याचं हवामान कुणाच्या बापाचं नाही.

टॉवरने सांगितलं, "Wind increasing. Go now or stay."

कॅप्टन इंटरकॉमवर आले. "पीछे, गाडी का क्या हुआ?"

जगतापच्या हेडसेटची वायर थंडीने तुटली होती. तो रॅम्पच्या टोकाला उभा राहून ओरडायचा, मी आत कॅप्टनना सांगायचो. तो ओरडला, "गाडी खाली आहे!"

"सर, गाडी खाली है."

"खाली? पेशंट नहीं है?"

मी ओरडलो, "जगताप, नक्की खाली?"

"डोळ्यांनी दिसतेय की! पार खाली आहे!"

"बिलकुल खाली है, सर."

बाई वाटेतच गेली, हे सगळ्यांनी मनात धरलं. मग कॅप्टन हळू म्हणाले, "Close ramp."

मी स्विच दाबला. रॅम्प जगतापसकट वर निघाला.

"अरे, बंद काय करतोस? तिचा नवरा वळणावर, खालून हात दाखवतोय!"

खालून! आमच्या घरात 'खाली' म्हणजे रिकामं. वरच्या उलट ते 'नीचे'. पण रिकाम्याला 'खालून' असं शेपूट लागत नाही. चूक माझी नव्हती. चूक शिप्रेच्या पाण्याची.

"सर! गाडी नीचे है! मोड पर! भरी हुई है!"

"Ramp down," कॅप्टन म्हणाले. "और तुम दोनों आज से इशारों में बात करोगे."

ते थांबले. टॉवरने दोनदा विचारलं, ते थांबले. ॲम्बुलन्स चढ चढून आली. नवरा पायरीवर लटकून अजून टोपी हलवत होता. बाईला आम्ही स्ट्रेचरसकट आत घेतलं आणि जगतापने ती चादर तिच्यावर घातली. उतरेपर्यंत त्याचं एक बोट तिच्या मुठीत होतं. संध्याकाळी हॉस्पिटलातून फोन आला. मुलगी. दोघी ठीक. जगताप सुजलेलं बोट सगळ्यांना दाखवत हिंडला.

दोन हिवाळ्यांनी तो छोट्या विमानातून पुढच्या चौकीवर रसद घेऊन गेला. दरीत ढग उतरले आणि रेडिओ गप्प झाला. उन्हाळ्यात शोधपथकाला विमानाच्या शेपटाचा तुकडा मिळाला. माणसं मिळाली नाहीत.

मी त्याच्या गावी गेलो. हॉस्पिटलातून परत आलेली ती चादर नेली. त्याची आई दाराशी बसली होती. म्हणाली, "समदी म्हणत्यात, पोरगं वर गेलं. तुमी त्येच्या संगं नोकरीला व्हता. तुमी सांगा."

घरी, उज्जैनच्या माधव नगरात मी दहा जणांना एका श्वासात थाप मारतो. तिच्यापुढे एकही सुचेना.

"आई, तो खाली आहे. बर्फात."

तिने चादर मांडीवर घेतली. उलगडली, पुन्हा घडी घातली. गार वारा आत येत होता म्हणून सून दार लावायला उठली.

"ऱ्हाऊ दे गं," म्हातारी म्हणाली. "उघडंच असू दे."

उज्जैनला आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. रोज दार मीच लावतो. आधी जिन्यात वाकून बघतो. बायको विचारते, "रोज नीचे काय बघता?"

"नीचे नाही," मी म्हणतो. "खाली."