आप्पांनी फोटोतली ज्वारी ओळखली

आज दुपारी जेवताना आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक गोष्ट विचारली. म्हणून इथं लिहितोय.

कंपनीच्या कामासाठी पंधरा दिवस दक्षिण आफ्रिकेत होतो. तिथं मिळेल ती गावठी बियर चाखली आणि प्रत्येकीची चव वहीत लिहून ठेवली. वळसंगला घरी यातलं कुणालाच माहीत नव्हतं. आप्पा लिंगायत, गळ्यात लिंग आहे, दारू वर्ज्य. पिऊन आलेल्या सख्ख्या भावाला त्यांनी उंबऱ्यावरूनच परत पाठवलंय.

जेवताना मी त्यांना मोबाईलवर फोटो दाखवत होतो. एका फोटोवर त्यांनी बोट ठेवलं.

"ही ज्वारीच हाय की. मोड आणून वाळत कशाला घातलीया?"

खोटं सुचलं नाही. "तिथं ज्वारीची बियर करतात, आप्पा."

त्यांनी फोटो सरकवला. पुढच्या फोटोत माझ्या तोंडाला मडकं होतं.

चुलीपाशी अव्वाचा, माझ्या आईचा, भाकरी थापायचा आवाज थांबला. आप्पांनी परत मागचा, ज्वारीचा फोटो आणला.

"पावसात भिजून मोड आल्याली चालती का त्यास्नी?"

गेल्या साली ऐन काढणीत पाऊस झाला, कणसातच मोड फुटले. सगळी ज्वारी जनावरांपुढं टाकावी लागली.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"इतक्या लांब गेलास, पिलास बी. आन् एवढं इचारलं न्हाईस?"

वही उघडून बघितली. आंबट, दाट, आंबिलीसारखी, असं पानभर लिहिलंय. ज्वारीबद्दल एक ओळ नाही.

तिकडं कुणाच्या ओळखीचं कुणी आहे का? आप्पा संध्याकाळी परत विचारणार आहेत.